टपालतिकिटांवरील छापदोष आणि कागदपत्रांचा कालनिर्णय

जुन्या दप्तरांचा शोध करणारांस टपालतिकीट ही वस्तु बहुधा परकी वाटते. मोडी लाखोटा हातीं आला कीं आपण प्रथम मायना पाहतों, मग मिती, मग मजकूर व शेवटीं मोर्तब. बाहेरच्या अंगास चिकटलेलें अर्ध्या आण्याचें निळें तिकीट घरांतील मुलांच्या वहीस द्यावयाचें, इतकीच त्याची किंमत अशी पुष्कळांची समजूत आहे. उलट पक्षीं, तिकिटांचा संग्रह करणारांस आंतील मजकूर म्हणजे तिकिटाखालचा कागद, याहून अधिक कांहीं वाटत नाहीं. एकानें तिकीट टाकावें, दुसऱ्यानें पत्र टाकावें, अशी ही वांटणी बिनतक्रार चालत आलेली आहे. ह्या वांटणींत उभयतांचें नुकसान झालें आहे, आणि तें कसें झालें व कसें टळेल हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

तिकिटांवरील छपाईचे दोष ओळखून तें तिकीट कोणत्या ठशाचें, कोणत्या शिळेचें व तावांतील कोणत्या जागेचें हें ठरविण्याची विद्या आज चांगलीच पुढें गेली आहे. हाउसबर्ग, स्टुअर्ट-विल्सन व क्रॉफ्टन ह्या त्रयीचा ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपाल व तार तिकिटांवरील ग्रंथ १९०७ सालीं निघाला. मार्टिन व स्माइदीज यांचा चार आण्यांच्या शिळाछाप तिकिटांवरील ग्रंथ १९३० सालीं निघाला. एका लहानशा कागदाच्या तुकड्यावरील ठिपका पाहून मूळ शिळा पुन्हा डोळ्यांपुढें उभी करण्याची जी चिकाटी ह्या ग्रंथांत दिसते, ती आपल्याकडील पाठचिकित्सकांनींही वाखाणावी अशी आहे. तथापि ह्या विद्येचीं गृहीतकृत्यें कोणतीं, तिचा पुरावा कोठपर्यंत पोंचतो व कोठें थांबतो, ह्याची तपासणी इतिहासाच्या बाजूनें झालेली आमच्या पाहण्यांत नाहीं. ती येथें थोडक्यांत करूं.

प्रथम वस्तुस्थिति. १८५२ सालीं सिंधचे कमिशनर बार्टल फ्रियर यांनीं आपल्या प्रांतापुरतीं अर्ध्या आण्याचीं उठावदार छापाचीं तिकिटें काढलीं. सिंध तेव्हां मुंबई इलाख्यांत मोडत असे, व हेच फ्रियर पुढें १८६२ पासून १८६७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. त्यानंतर १८५४ च्या कायद्यानें सर्व हिंदुस्थानाकरितां एकच दर ठरला : पाव तोळ्यापर्यंत वजनाच्या पत्रास, अंतर कितीही असो, अर्धा आणा, आणि तिकिटावांचून टाकलेल्या पत्रास दुप्पट हंशील. हा दर १ आक्टोबर १८५४ पासून अमलांत आला. तिकिटें करण्याचें काम प्रथम कलकत्त्याच्या टांकसाळींत कर्नल फोर्ब्स यांजकडे होतें. परंतु पाहिजे तितकीं तिकिटें तेथें निघणें शक्य नाहीं असें दिसून आल्यावर सर्व्हेअर जनरलच्या कचेरींतील कॅप्टन थुइलिअर यांनीं तें शिळाछापावर करून दिलें. नकाशे छापण्याच्या शिळा तिकिटांच्या कामीं लागल्या. आरंभीं अर्ध्या आण्याचें तिकीट तांबड्या रंगांत छापलें. पण विलायती हिंगुळी शाई संपली आणि देशी हिंगुळाची शाई शिळेवरील आकृतीच बिघडवूं लागली. तेव्हां रंग बदलून निळा केला. अर्धा आणा निळा, एक आणा तांबडा, आणि चार आणे तांबड्या चौकटींत निळा मुखवटा, अशीं हीं शिळाछाप तिकिटें होत. दोन आण्यांचें हिरवें तिकीट मात्र शिळेवर नव्हे, तर उठावाच्या धातुपत्र्यांवर छापलेलें आहे. त्याची चिकित्सा वेगळी.

शिळाछाप म्हणजे काय हें मुंबईकर संग्राहकांस समजावून सांगण्याचें कारण नाहीं. गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं मुंबईंत शिळाछापावर पंचांग काढलें, तेव्हांपासून आपल्या पोथ्या, पंचांगें व बखरी ह्या रीतीनें छापल्या जात. लेखकानें तेलकट शाईनें कागदावर लिहावें, तो कागद शिळेवर उलटा दाबावा, शिळेनें ती शाई धरावी, पाण्यानें बाकीची जागा ओली ठेवावी, आणि मग शाईची लाट फिरवून छाप घ्यावे. तिकिटांत फरक इतकाच कीं, लेखकाच्या हस्ताक्षराऐवजीं तांब्यावर कोरलेला एकच लहान ठसा असे. त्या ठशाचे उतारे विशेष कागदावर काढून ते ओळीनें शिळेवर बसवीत. अर्ध्या आण्याच्या तावांत आठआठांच्या बारा ओळी, म्हणजे ९६ तिकिटें असत. चार आण्यांच्या पहिल्या तावांत अवघीं १२ असत.

येथेंच ह्या विद्येचें मर्म आहे. ज्याला आपण ढोबळपणें ‘छापदोष’ म्हणतों, तो चार निरनिराळ्या पायऱ्यांवर उत्पन्न होतो, आणि प्रत्येक पायरीवरील दोषाची साक्ष वेगळी असते. (१) मूळ ठशांतील विशेष : हा त्या ठशाच्या सर्व तिकिटांवर सारखा येतो. (२) उताऱ्यांतील दोष : उतारा घेतांना एखादी रेषा तुटली, कागद ताणला गेला किंवा कोपरा दुमडला, तर तो दोष शिळेवरील त्या एकाच जागीं राहतो व त्या शिळेच्या प्रत्येक तावांत त्याच जागीं पुन्हा पुन्हा येतो. (३) शिळेवरील झीज, ओरखडा किंवा हातानें केलेली दुरुस्ती : ही छपाई चालू असतांना उत्पन्न होते, म्हणून त्याच शिळेच्या आधींच्या तावांत ती नसते, नंतरच्या तावांत असते. (४) एकट्या छापाचा अपघात : शाई कमी पडली, धूळ बसली, ताव सरकला. हा एकदां घडतो व पुन्हा घडत नाहीं. पहिल्या तिघांस आम्ही ‘स्थिर’ दोष म्हणतों, चौथ्यास ‘आगंतुक’. याशिवाय पांचवी एक जात आहे, ती छपाईची नव्हेच : पाण्यांत भिजणें, उन्हानें रंग उडणें, कसरीनें खाणें, विक्यानें खरवडणें. नवीन ‘प्रकार’ सांपडला अशी जी आरोळी वेळोवेळीं उठते, ती पुष्कळदां ह्या पांचव्या जातीवरच उभारलेली असते.

हस्तलिखितांचा अभ्यास करणारांच्या ध्यानांत ह्यावरून एक साम्य सहज येईल. मूळ ठसा म्हणजे ग्रंथकाराचा पाठ. उताऱ्यांतील दोष म्हणजे पहिल्या प्रतिलेखकाची चूक. त्या प्रतीवरून उतरलेल्या सर्व प्रती ती चूक वारशानें घेतात, व त्या चुकीवरूनच त्या एका कुळींतल्या असें आपण ओळखतों. शिळेवरील दुरुस्ती म्हणजे मागाहून कोणी शोधकानें समासांत केलेली सुधारणा. आणि आगंतुक दोष म्हणजे वाचकाच्या हातून पडलेला तेलाचा डाग. डागावरून कोणी वंशावळ बांधीत नाहीं. तिकिटांच्या बाजारांत मात्र डागावरून वंशावळ बांधण्याचा प्रकार नित्य घडतो, कारण तेथें प्रश्न वंशावळीचा नसून किंमतीचा असतो.

एक प्रसिद्ध उदाहरण घेऊं. चार आण्यांचें तिकीट दोन रंगांचें असल्यामुळें प्रत्येक ताव दोनदां छापावा लागे : एकदां तांबडी चौकट, एकदां निळा मुखवटा. एखादा ताव दुसऱ्या वेळीं उलटा घातला गेला, आणि राणीचें डोकें खालीं व मान वर अशीं तिकिटें निघालीं. आज त्यांतलीं मोजकींच शिल्लक आहेत, आणि जगांतील श्रीमंत संग्राहक त्यांसाठीं वाटेल तें मोल देतात. परंतु पुरावा म्हणून त्याची किंमत काय? कारागिराच्या हातून कागद उलटा पडला, एवढेंच त्यावरून कळतें. शिळा कोणती, ती किती झिजली होती, छपाई आधींची कीं नंतरची, ह्यांपैकीं एकाही प्रश्नाचें उत्तर त्या उलट्या डोक्यापाशीं नाहीं. तें त्याच तिकिटाच्या चौकटींतल्या एखाद्या तुटक्या रेषेपाशीं असेल, पण तिकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं गिरगांवांत शिळाछापखाना काढला. तेथील किंवा तशाच रीतीनें छापलेल्या रंगीत चित्रांतही एका रंगाची शिळा अंमळ सरकून ओठाचा रंग गालावर गेलेल्या प्रती सांपडतात. त्यांस कोणी नवा ‘प्रकार’ म्हणत नाहीं, छपाई बिघडली असें म्हणतात. दोष तोच, एके ठिकाणीं रद्दी व दुसरे ठिकाणीं रत्न. तेव्हां दुर्मिळपणा आणि प्रामाण्य ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, हें पहिलें सूत्र मनांत पक्कें असावें.

आतां ज्या दोषास बाजारांत फारशी किंमत नाहीं, पण इतिहासांत आहे, त्याचें उदाहरण देतों. अर्ध्या आण्याच्या निळ्या तिकिटाचे तीन ठसे आहेत. पहिल्या ठशांत राणीच्या अंबाड्यावरील छाया बहुतेक भरीव, निळ्या डागांसारखी दिसते, आणि वरच्या कोपऱ्यांतील तारे भरीव व लांब टोंकांचे असतात. दुसऱ्यांत अंबाड्यावरील रेषा कमी, आणि डाव्या ताऱ्याच्या मध्यभागीं बहुधा पांढरी जागा दिसते. तिसऱ्यांत अंबाड्यावर पुष्कळ बारीक रेषा असतात; तारे लहान, पोकळ व आंखूड टोंकांचे असून उतारा झिजला म्हणजे ते नाहींसे होऊं लागतात. साधें भिंग व दिवसाचा उजेड असल्यास हा भेद पत्रास हात न लावतां पाहतां येतो. पहिल्या ठशाची छपाई १८५४ च्या मेपासून जुलैपर्यंत झाली, दुसऱ्याची त्याच वर्षींच्या ऑगस्टांत, व तिसऱ्याची १८५५ च्या जुलै-ऑगस्टांत.

ह्या तिसऱ्या ठशाचें महत्त्व मोडी पत्रें वाचणारांस तत्काळ पटेल. घरगुती पत्रांत शक घालण्याची चाल सरसकट नव्हती. ‘मिती मार्गशीर्ष शुद्ध पंचमी’ इतक्यावर पत्र पुरें होई, कारण लिहिणाराला व वाचणाराला वर्ष ठाऊक असे. समजा, गिरगांवांतून रत्नागिरीकडे गेलेलें असें एक पत्र आपणापुढें आहे. आंत सावकाराच्या देण्याचा, भावांच्या वांटणीचा किंवा कोणाच्या मृत्यूचा उल्लेख आहे, आणि तो शके १७७६ चा कीं शके १७७७ चा ह्यावर सगळा निवाडा अवलंबून आहे. बाहेर अर्ध्या आण्याचें तिकीट तिसऱ्या ठशाचें निघालें, तर शके १७७६ चा मार्गशीर्ष, म्हणजे १८५४ ची अखेर, एकदम बाद होतो. कारण तें तिकीट त्या वेळीं छापलेलेंच नव्हतें. ताऱ्याच्या आंखूड टोंकानें एका वर्षाचा वाद मिटला. आमच्या मतें तिकिटांवरील छापदोषांच्या विद्येचें इतिहासास होणारें खरें साह्य हें आहे, आणि तें मिळण्यास तिकीट पत्रावरच असावें लागतें.

परंतु येथेंच सावधगिरीचीही जागा आहे. ठशावरून मिळणारी मर्यादा एकाच बाजूची असते : ‘ह्यापूर्वीं नव्हे’ असें ती सांगते, ‘ह्यानंतर नव्हे’ असें सांगत नाहीं. पहिल्या ठशाचें तिकीट पाहून ‘हें पत्र १८५४ चें’ असा निकाल देणें चूक होय. कोण्या पेढीच्या पेटींत तें तिकीट दोन-तीन वर्षें पडून राहिलें नसेल कशावरून? शिवाय एखादें सुटें तिकीट मागाहून जुन्या पत्रास चिकटविणें ही विक्यांची जुनी युक्ति आहे. म्हणून टपालाचा शिक्का तिकिटावरून कागदावर अखंड उतरला आहे कीं नाहीं, हें प्रथम पाहावें. जेथें शिक्का तिकिटाच्या कडेपाशींच थांबतो, तेथें तिकिटाच्या साक्षीवर विसंबूं नये. मुंबईचे जाल कूपर यांनीं आरंभींच्या टपालशिक्क्यांवर जे श्रम घेतले, त्यांचें मोल इतिहासाच्या दृष्टीनें तिकिटांच्या यादीहून कमी नाहीं. शेवटची गोष्ट, ह्या तिकिटांचीं सरकारी रीत्या मागाहून पुनर्मुद्रणेंही झालीं आहेत. तीं जुन्याच आकृतीचीं असल्यामुळें केवळ आकृति जुळली म्हणजे तिकीट अस्सल, असें मानतां येत नाहीं.

कागदाच्या परीक्षेंत एक निराळीच अडचण आहे. १८५४ च्या तावांवर कंपनीच्या निशाणाचें मोठें जलचिन्ह होतें. तें सबंध तावभर पसरलेलें असल्यामुळें एका तिकिटावर त्याचा अंशच येतो. पुढें १८६५ पासून विलायतेंत छापलेल्या तिकिटांच्या कागदांत हत्तीच्या डोक्याचें जलचिन्ह आलें. ही खूण कालनिर्णयास उत्तम; पण ती पाहावयाची तर तिकीट पत्रावरून काढावें लागतें. आमचें मत असें कीं, ह्या लोभास बळी पडूं नये. कारण उघड्या डोळ्यांनीं दिसणाऱ्या खुणा थोड्या नाहींत. १८५४ च्या तिकिटांवर नुसतें ‘इंडिया’; १८५५ च्या अखेरीपासून विलायतेहून येऊं लागलेल्या तिकिटांवर ‘ईस्ट इंडिया पोस्टेज’; आणि १८८२ पासून ‘इंडिया पोस्टेज’. विलायती छापाचें अर्ध्या आण्याचें तिकीट १८५६ पासूनचें आहे. तेव्हां तें ज्या पत्रावर असेल, तें पत्र शके १७७७ च्या अखेरीपूर्वींचें असूं शकत नाहीं. एवढ्या चार गोष्टी ठाऊक असल्या, तरी दप्तरांतील अर्ध्याअधिक शंका पाण्याच्या भांड्याजवळ न जातां फिटतात.

पाण्याचें भांडें हा शब्द आम्हीं सहज घातला नाहीं. तिकीट सोडविण्यासाठीं पत्र पाण्यांत घालण्याची रीत संग्राहकांत आहे. आपली जुनी शाई काजळाची व डिंकाची. कागदावर ती पिढ्यानपिढ्या टिकते, पण पाण्यापुढें ती टिकत नाहीं. घटकाभरांत तिकीट मोकळें होतें आणि मोडी अक्षरें धुऊन जातात. म्हणजे तिकीट वांचविण्याच्या नादांत ज्या पत्रानें त्या तिकिटास अर्थ दिला तें पत्रच नाहींसें होतें, व मागें राहिलेल्या तिकिटास ‘कोणी, कोणास, केव्हां’ ह्या तिहींपैकीं एकाचेंही उत्तर देतां येत नाहीं. १८७९ सालीं पाव आण्याचें कार्ड निघालें. त्यावर तिकीट छापलेलेंच असल्यानें हा धोका टळावा अशी अपेक्षा होती; पण कार्डावरील छापाचा चौकोन कात्रीनें कापून घेतलेलीं कार्डें आम्हीं पाहिलीं आहेत. लालबाग-परळच्या गिरण्यांत राबणाऱ्या माणसानें कोंकणांत घरीं पाठविलेल्या कार्डाच्या मागच्या अंगावर चार ओळींचा जो मजकूर असतो, त्याचा एक कोपरा असा कायमचा जातो.

आतां दोषांच्या ह्या चिकित्सेची खरी सीमा कोठें आहे, तें पाहूं. एका प्रतीशीं दुसरी प्रत ताडून पाहणें हें तिचें साधन. अनेक प्रतींत एक वेगळी निघाली कीं दोष पकडतां येतो. ग्वालियर संस्थानासाठीं ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर १८८५ पासून जें नांव छापीत, त्यांत इंग्रजी नांवांतील ‘ओ’ च्या जागीं ‘सी’ हें अक्षर पडलेलीं तिकिटें आहेत. धार संस्थानानें १८९७ पासून खिळे जुळवून जीं तिकिटें काढलीं, त्यांत देवनागरी अक्षरांच्या जुळणीचे फरक आहेत. हे सर्व शेजारच्या निर्दोष तिकिटाशीं ताडून कळतात. परंतु सर्वच प्रतींत चूक एक असेल तर? नाशिकच्या सरकारी छापखान्यांत १९२६ पासून हिंदुस्थानचीं तिकिटें छापलीं जातात. स्वराज्यानंतर १५ ऑगस्ट १९४९ रोजीं प्राचीन शिल्पांची व वास्तूंची जी माला निघाली, तिच्यांत एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ति होती. ती मूर्ति तिकिटावर उलटी, म्हणजे आरशांत दिसावी तशी छापली गेली : मूळांत पुढें केलेला हात उजवा, तिकिटावर तो डावा. लक्षावधि तिकिटें तशीच निघालीं, आणि १५ जुलै १९५० रोजीं दुरुस्त तिकीट काढावें लागलें.

ही चूक कोणत्या पायरीवरची? ठशांतलीही नव्हे, उताऱ्यांतलीही नव्हे. ती ठशाच्याही आधींची, मूळ नमुना करतांनाची. दुरुस्तीपूर्वींचीं सर्व तिकिटें एकमेकांशीं तंतोतंत जुळतात. त्यांतलीं हजार तिकिटें भिंगाखालीं घालून ताडलीं तरी चुकीचा पत्ता लागणार नाहीं. ती लागते तिकीट बाजूस ठेवून मूर्ति पाहिल्यानें. हस्तलिखितांतही असेंच घडतें. सर्व प्रतींचा पाठ एक असला म्हणजे तो खरा, असा एक भोळा नियम आपल्यांत रूढ आहे. सर्व प्रती ज्या एका प्रतीवरून उतरल्या तीच चुकली असेल, तर प्रतींचें एकमत म्हणजे एका चुकीची पुनरुक्ति होय. तिकिटांच्या चिकित्सकांनीं आपणांस ताडून पाहण्याची शिस्त शिकविली हें खरें. पण ताडणी कितीही सूक्ष्म असली तरी ती तावाच्या कडेपर्यंतच जाते. त्यापलीकडे मूळ वस्तु, मूळ घटना व दुसरा स्वतंत्र कागद लागतो.

ह्या दृष्टीनें पाहतां वर नांवें घेतलेल्या ग्रंथांवर आमचा आक्षेप असा नाहीं कीं, त्यांनीं बारकावा फार केला. आक्षेप हा कीं, तो बारकावा एकाच अंगाचा आहे. तिकीट पत्रावर आहे कीं सुटें, एवढें संग्राहक नोंदवितात. पत्र कोणत्या भाषेंत, कोणत्या लिपींत, कोणत्या मितीचें, हें नोंदवीत नाहींत. वास्तविक तिसऱ्या ठशाचें तिकीट असलेलीं व पूर्ण शक-मिती दिलेलीं मराठी, गुजराथी व महाजनी पत्रें एकत्र केलीं, तर तीं तिकिटें कोणत्या गांवीं केव्हां पोंचलीं हें त्यांसच अधिक नेमकें सांगतां आलें असतें. त्यांच्या शास्त्राला लागणारा पुरावा त्यांच्याच तिकिटांच्या मागच्या बाजूस लिहिलेला होता. तो वाचणारा शेजारीं नव्हता. आणि दोष त्यांचा एकट्यांचा नाहीं. आपल्याकडे जे मोडी पत्रसंग्रह छापले गेले, त्यांत बाहेरच्या पत्त्याची, तिकिटाची व टपालशिक्क्याची नोंद ठेवण्याची प्रथा पडली नाहीं. मजकूर अक्षरशः उतरावयाचा आणि लाखोट्याचें बाह्यांग सोडून द्यावयाचें, ही आपलीही एकांगी चालच झाली.

हा विषय आजच मांडण्याचें कारण आहे. गिरगांवच्या जुन्या चाळी एकामागून एक पडत आहेत आणि त्यांच्या जागीं उंच इमारती उठत आहेत. ज्या कुटुंबांनीं पूर्वीं आपल्या ट्रंका गिरगांवांतून दादरास नेल्या, त्यांच्या तिसऱ्या-चवथ्या पिढीला मोडी येत नाहीं. माळ्यावरची पेटी खालीं उतरते, तेव्हां तिकिटें वेगळीं काढून कोणी एक नेतो व उरलेला कागद वजनावर जातो. आमच्याच ओळखीच्या एका घरीं आम्ही एका आठवड्यानें उशिरां पोंचलों. पेटी रिकामी होती. तिकिटें एका लिफाफ्यांत घालून जपून ठेविलीं होतीं. त्यांत अर्ध्या आण्याचीं सात होतीं, पैकीं दोन तिसऱ्या ठशाचीं. तीं कोणत्या पत्रांवरचीं, तें आतां कोणीच सांगूं शकणार नाहीं. घरच्या मंडळींनीं तीं मोठ्या कौतुकानें दाखविलीं, व आम्हीही त्यांस बोल लाविला नाहीं. कारण काय ठेवावें हें त्यांस सांगावयास आमच्यापैकीं कोणीही पूर्वीं गेलेला नव्हता.

म्हणून वाचकांपुढें कांहीं सूचना ठेवितों. (१) तिकीट पत्रावरून कधींही काढूं नये. पाण्यानें नाहीं व वाफेनेंही नाहीं. (२) पत्र छापतांना किंवा त्याची यादी करतांना बाहेरचा पत्ता, तिकिटाचें मोल, रंग, वरील अक्षरें, ठसा ओळखल्यास तो, व टपालशिक्क्यांतील वाचतां येणारीं अक्षरें व आंकडे यांची नोंद मजकुराबरोबर द्यावी. (३) दोष नोंदवितांना तो स्थिर कीं आगंतुक ह्याचा निर्णय एका प्रतीवरून करूं नये. त्याच जागींचें दुसरें तिकीट मिळेपर्यंत ‘संशयित’ असेंच म्हणावें. जोडी, पट्टी किंवा तावाची कड शिल्लक असलेलें तिकीट ह्या कामीं सुट्या तिकिटाहून अनेकपट उपयोगी असतें. (४) तिकिटावरून काळ ठरवितांना ‘ह्यापूर्वीं नव्हे’ इतकेंच लिहावें. दुसरी मर्यादा मजकुरांतून किंवा शिक्क्यांतून मिळवावी. (५) ज्यांजवळ केवळ सुटीं तिकिटें आहेत, त्यांनीं तीं कोणत्या घरच्या कागदांतून आलीं एवढें तरी लिहून ठेवावें. (६) ज्यांस मोडी येत नाहीं त्यांनीं येणारास, व ज्यांस तिकिटें कळत नाहींत त्यांनीं कळणारास, पेटी फोडण्यापूर्वीं बोलवावें.

तिकिटावरील तुटकी रेषा ही कारागिराच्या हातची चूक. ती करतांना आपण पुढील पिढ्यांस साक्ष देत आहों हें त्याच्या मनांतही नव्हतें, आणि म्हणूनच ती साक्ष निर्मळ आहे. पत्र लिहिणारा वर्ष लिहावयास विसरला असेल, मजकूर बदलून लिहिणारा लबाडही असेल. परंतु शिळेवरच्या ठिपक्याला कोणाचा पक्ष नसतो. मात्र त्या ठिपक्यास बोलतें करावयाचें तर त्याच्यामागचा कागद त्याच्याजवळ राहिला पाहिजे. ज्यांच्या घरीं अशीं पत्रें अद्यापि अखंड आहेत, त्यांनीं तीं जशीं आहेत तशींच ठेवावीं, व त्यांचा तपशील ह्या त्रैमासिकाकडे पाठवावा, इतकी विनंति करून हा लेख पुरा करितों.